तीन हात बेज

"मॅडम, पटकन या. पप्पा रंगाऱ्याला जिवे मारतील."

फोन घोडेगावहून आला होता. शुक्रवार, सकाळचे सव्वादहा. सहायक पोलीस निरीक्षक मोनिका थोरवे हिने पत्ता लिहून घेतला आणि हवालदार कानिफनाथला गाडी काढायला सांगितली.

शुक्रवार म्हणजे जनावरांचा बाजार. म्हशींनी भरलेले पिकअप हायवेवर एकामागे एक अडकले होते. शेवटचा अर्धा किलोमीटर दोघं पायीच गेले.

आप्पासाहेब टेकावड्यांचा बंगला रस्त्याला लागून होता. शेजारी त्यांचंच हॉटेल. बंगल्यामागे जुना गोठा, आणि गोठ्याजवळ मुरमाची ट्रॉली रिकामी होत होती. मोनिकाने जाता जाता तिकडे एक नजर टाकली आणि ती आत शिरली.

हॉलमध्ये पस्तिशीचा एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. सदरा फाटलेला, दंडावर लाल वळ उठलेले. तो रंगारी रॉबिन पाटोळे. त्याच्यासमोर आप्पासाहेब उभे. साठीचा, दणकट गडी, हातात आसूड. मध्ये त्यांचा मुलगा करण आडवा झाला होता. फोन त्यानेच केला होता.

"आसूड खाली ठेवा," मोनिका म्हणाली.

"आधी भिंत बघा, मग मला सांगा."

"आधी आसूड."

आप्पासाहेबांनी तो सोफ्यावर फेकला. मोनिकाने मग भिंत पाहिली.

हॉलच्या चारही भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या. दुधाळ चहासारखा मऊ, उबदार बेज. पण टीव्हीच्या जागेजवळच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर, वीतभर अक्षरं उमटली होती. राखट-जांभळी, कडा पसरलेल्या.

साळू.

"मंगळवारी पहिल्यांदा आलं," करण म्हणाला. "रॉबिननं त्यावर दुसरा हात मारला. बुधवारी परत आलं. काल तिसरा हात दिला. आज सकाळी बघतो तर हे."

"घरात कोणी शिरलं होतं?"

"दारात कॅमेरा आहे. मी तीनही दिवसांचं सगळं बघितलं. बाहेरचं कुणीच नाही."

"म्हणजे हाच!" आप्पासाहेब ओरडले. "ब्रश याच्याकडं, रंग याच्याकडं. दुसरं कोन लिहिनार? विचारा त्याला, कुणी पाठवलंय!"

मोनिकाने भिंतीवर बोट फिरवलं. अक्षरांना उंचवटा नव्हता. रुमाल ओला करून घासला, रुमाल कोराच राहिला. अक्षरांचा शेवट तिने नीट पाहिला. 'ळू'ची खालची शेपटी पुरी नव्हती. तिथे एसीच्या बटणांचा नवा प्लास्टिकचा डबा बसवलेला होता आणि शेपटी डब्याच्या कडेपाशी तुटत होती.

"साळू कोण?" तिने विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"माझी धाकटी बहीन."

आप्पासाहेबांच्या पत्नी बनुबाई. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. हातातलं ताट त्यांनी तसंच धरलेलं.

"कुठे असते?"

"पळून गेली," उत्तर आप्पासाहेबांनी दिलं. "अकरा वर्सं झाली. नवरा वारल्यावर आमच्याकडंच राहायची. बाजारातल्या कुन्या व्यापाऱ्याबरोबर गेली. घरानं तिचं नाव टाकलंय. आता दहा दिवसांवर करणचा साखरपुडा, व्याही कोपरगावची बडी माणसं. अशा वेळी कुनीतरी जुनी घाण उकरतंय. मला बदनाम करायचंय, दुसरं काय!"

मोनिका रॉबिनला घेऊन ओट्यावर गेली. कानिफनाथने त्याला पाणी दिलं.

"कुठले तुम्ही?"

"नगरचा, मॅडम. घरं रंगवतो. पंधरा वर्षं झाली."

"साळूबाईंना ओळखता?"

"नाव मंगळवारी पहिल्यांदा वाचलं. येशूची शपथ."

"कामाला कधी सुरुवात केली?"

"गेल्या आठवड्यात, सोमवारी. जुना ऑइलपेंट खरवडला. गुरुवारी ती टीव्हीची भिंत सारखी केली. शनिवारी संध्याकाळी पुट्टीचा शेवटचा हात देऊन नगरला गेलो. रविवारी सुट्टी. चर्चला होतो, मग भावाच्या लेकराचा बाप्तिस्मा होता, दिवसभर तिथंच. फोटो आहेत."

"बेज रंग कधी लावला?"

"या सोमवारी. सकाळी नऊला वायरमन एसीचा डबा लावून गेला. मग मी पहिला हात मारला."

"त्या आधी भिंत कशी होती? नीट आठवा."

रॉबिन थांबला. "थोडी मळकट झाक होती तेवढ्या तुकड्याला. मला वाटलं ओल असेल. आणि एक गंमत झाली होती. प्रायमरचा डबा मी शनिवारी भरलेला सोडला होता, सोमवारी चार बोटं खाली. आणि माझा चार इंची ब्रश स्वच्छ धुतलेला होता."

"त्यात गंमत काय?"

"मॅडम, रंगारी ब्रश पाण्यात बुडवून ठेवतो. हा धुऊन, पुसून, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घातलेला."

मोनिकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "प्रायमर कोणता?"

"पाण्यातला. रंगपण पाण्यातलाच. होणाऱ्या सूनबाईंनी सांगितलं होतं, घरात वास नको."

"ती भिंत सारखी केली म्हणालात. काय झालं होतं तिला?"

"एक कोनाडा होता, बुजवलेला. तिथं फुगा आला होता. बेजसारख्या फिक्या रंगात फुगा लगेच दिसतो, म्हणून सूनबाई म्हणाल्या फोडून सरळ करा. आप्पासाहेब नको म्हणत होते. ते गुरुवारी कोपरगावला गेले, तेव्हा करणदादांनी करा म्हणून सांगितलं."

"आत काय होतं?"

रॉबिनची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली आणि खाली वळली.

"माती," तो म्हणाला.

"तुम्ही इतका मार खाल्लात. तेव्हाही आप्पासाहेबांना हेच सांगितलंत?"

"त्यांनी कोनाड्याचं विचारलंच नाही. आणि मी एकाला शब्द दिलाय, मॅडम. मला परत विचारू नका."

मोनिकाने परत विचारलं नाही.

करण गोठ्याजवळ येरझाऱ्या घालत होता. तिने त्याला गाठलं.

"रविवारी घरी कोण होतं?"

"फक्त मम्मी. मी आणि संस्कृती, माझी होणारी बायको, नगरला होतो, अंगठ्या आणि कपडे घ्यायला. सकाळी नऊला निघालो, परत यायला सात वाजले. पप्पा पुन्हा कोपरगावला गेले होते, बैठकीला."

त्याने संस्कृतीला फोन लावून दिला. तिने तेच सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, रंग मीच निवडला होता. इतका शांत रंग. आता त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटते."

मोनिकाने फोन परत दिला. समोर मुरूम पसरणं चालूच होतं. एक जुनी सिमेंटची फरशी जवळजवळ झाकली गेली होती.

"इथे काय होतं?"

"गोबरगॅसचा खड्डा. मी शाळेत होतो तेव्हाच बंद केला."

"आणि आता मुरूम?"

"पप्पांची लहर. पार्किंग करायचं म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"मंगळवारी दुपारी. बुधवारी सकाळी ट्रॉली हजर."

"नाव मंगळवारी सकाळी उमटलं ना?"

"हो." आधी करणच्या लक्षात आलं नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "मॅडम, तुम्ही काय म्हणताय?"

"अजून काहीच नाही. ट्रॉली थांबवा."

ती स्वयंपाकघरात आली. बनुबाई ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापत होत्या. दारात पोलीस आले, घरात आसूड चालला, तरी बाईच्या हाताची लय मोडली नव्हती.

"काकू, तुमच्या बहिणीला लिहिता-वाचता यायचं?"

"सातवी शिकली हुती. सही करायची झोकात. मी आंगठेबहाद्दर. नाव तेवढं लिहायला तिनंच शिकवलं मला. माझं आन तिचं."

"जाताना काही निरोप ठेवला?"

"न्हाई."

"तुम्ही शोधलं नाहीत?"

"ह्यांनी सांगितलं, पळाली. मी ऐकलं." भाकरी तव्यावर पडली. "अकरा वर्सं तिला शिव्या दिल्या मी. राखीच्या दिवशी चुलतभावासंगं बसून दिल्या."

"तिची काही मालमत्ता?"

"बापाची जमीन. दोघी बहिनींच्या नावावर. आता तिथं हाटेल हाय."

"तिने हक्क सोडला?"

"कागद हाय. त्यावर तिचा आंगठा हाय." बनुबाईंनी प्रथमच मोनिकाच्या डोळ्यांत पाहिलं. "ती गेली त्याच्या म्होरल्या म्हैन्यात मला तो कागद दावला. मला वाचता येत न्हवतं, पन सही कुठली आन आंगठा कुठला, ते वळखू येतं."

मोनिका त्यांच्या हातांकडे बघत होती. उजव्या हाताच्या फक्त बोटांच्या टोकांना मेंदी होती. तळवा कोरा. साखरपुड्याला दहा दिवस बाकी, आणि ही मेंदी जुनी होऊन फिकी पडायला लागलेली. एका नखाच्या मुळाशी मेंदीचा तांबूस रंग नव्हता. तिथे जांभळी रेघ होती.

"भाकरी झाली की हॉलमध्ये या, काकू," ती म्हणाली.

कानिफनाथने एसीच्या डब्याचे दोन स्क्रू काढले. डबा बाजूला झाला. त्यामागे बेज रंग पोचलेला नव्हता, पांढरा प्रायमर तसाच होता. आणि त्या पांढऱ्यात 'ळू'ची उरलेली शेपटी फिकट जांभळी फुटून आली होती.

मोनिकाने ब्लेडने प्रायमर खरवडला. खाली रंग गडद झाला. तिने ओला कापूस टेकवला. कापूस गर्द जांभळा झाला.

कानिफनाथने वास घेतला. "मॅडम, हे तर जनावरांच्या जखमेला लावायचं जांभळं औषध. आमच्या गोठ्यात बाटली असते. कपड्याला लागलं तर कपडा फाटतो पण डाग जात नाही."

आप्पासाहेब, करण, रॉबिन आणि बनुबाई, सगळे हॉलमध्ये होते. मोनिका भिंतीपाशी उभी राहिली.

"आप्पासाहेब, या भिंतीवर गेल्या तीन दिवसांत कोणी काहीही लिहिलेलं नाही. म्हणून तुमच्या कॅमेऱ्यात कोणी दिसलं नाही."

"मग हे काय हाय?"

"हे आधीच लिहिलेलं होतं. रंगाच्या खाली. हे औषध पाण्यात विरघळतं. पाण्यातला रंग वरून मारला की ते ओलं होतं आणि रंगातून वर चढतं. रॉबिनने जितक्या वेळा लपवायला हात मारला, तितक्या वेळा त्यानेच ते वर आणलं. दहा हात मारले असते तरी वर आलं असतं."

रॉबिनने कपाळावर हात मारला.

"डबा सोमवारी सकाळी नऊला बसला आणि अक्षर डब्याच्या मागे आहे. म्हणजे लिहिलं गेलं ते सोमवारी नऊच्या आधी. शनिवारी संध्याकाळी रॉबिनने कोरी पुट्टी मारली. म्हणजे त्याच्या नंतर. रॉबिन रविवारी नगरला होता. करण आणि संस्कृती बाजारहाट करत होते. तुम्ही कोपरगावला. घरात एकच माणूस. त्या माणसाने गोठ्यातली बाटली आणली, नाव लिहिलं, वाळू दिलं, रॉबिनच्या डब्यातला प्रायमर वरून दोनदा दिला. आणि संसारी बाईच्या सवयीने ब्रश धुऊन खिडकीत वाळत घातला. हाताचे डाग जाईनात, तेव्हा बोटांना मेंदी लावली."

सगळ्यांच्या माना वळल्या. बनुबाईंनी पदर सरळ केला.

"व्हय. मी लिवलं."

"मम्मी?" करण एक पाऊल पुढे आला.

आप्पासाहेब हसले. त्या हसण्यात सुटका होती. "घ्या! बायकोच येडी झाली माझी. मॅडम, घरातला मामला हाय. रंगाऱ्याला मी औषधपान्याचं बघतो. तुमी चहा घ्या आन—"

"बसा," मोनिका म्हणाली. "कोणी लिहिलं ते झालं. का लिहिलं ते राहिलंय. गेल्या आठवड्यात, गुरुवारी तुम्ही नसताना हा बुजवलेला कोनाडा फोडला. त्यात साळूबाईंच्या वस्तू सापडल्या."

ती अंदाजाने बोलत होती. काय सापडलं ते तिला माहीत नव्हतं. रॉबिनने मान खाली घातली आणि तिला कळलं, अंदाज बरोबर आहे.

आप्पासाहेबांचा आवाज चढला. "कशावरून तिच्या? चष्मा काय कुनाचाबी आसतो!"

बाहेर बाजारातून म्हशींचं रेकणं ऐकू येत होतं.

"चष्मा?" मोनिका सावकाश म्हणाली. "मी वस्तू म्हणाले. चष्मा कोणी म्हणालं नाही. रॉबिन, तुम्ही सांगितलं होतं यांना?"

"नाही, मॅडम. काकींना शब्द दिला होता."

"करण, तुला माहीत होतं?"

करणने मान हलवली. तो बापाकडे बघत होता.

बनुबाईंनी ओटीतून एक गंजका डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत जाड काचांचा चष्मा होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली. खाली सातवीचा दाखला.

"तिला दोन हातांवरचं मानूस वळखू येत न्हवतं," बनुबाई म्हणाल्या. "चष्म्याबिगर ती परसाकडंला जायची न्हाई. आन म्हनं व्यापाऱ्यासंगं पळाली. रॉबिननं डबा माझ्या हातात दिला तवा मी खाली बसले. त्या साली घर बांधायचं चाललं हुतं. कोनाडा ह्यानंच बुजवला हुता, सोताच्या हातानं. गवंड्याला येऊ दिलं न्हाई. मी कवतिक करत हुते, मालक असून काम करतो."

नवऱ्याला 'हे' म्हणणारी बाई 'हा' म्हणू लागली होती. आप्पासाहेबांच्याही ते ध्यानात आलं.

"बने, तोंड सांभाळ."

"अकरा वर्सं सांभाळलं."

मोनिकाने विचारलं, "काकू, डबा सापडला त्याच दिवशी ठाण्यात का आला नाहीत?"

"येऊन काय दावलं असतं, बाई? चष्मा? हा म्हनला असता, विसरून गेली आसंल. मला ती कुठं हाय ते पायजे हुतं. ते एकट्या ह्यालाच ठावं." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "म्हनून मी तिचं नाव लिवलं. एकदम दिसलं असतं तर ह्यानं पुसलं असतं, मला मारलं असतं, झालं. म्हनून रंगाखाली लिवलं. म्हशीच्या कासेला औषध लावताना लुगड्याला डाग पडला की धा धुन्यांत निघत न्हाई, हे मला ठावं हुतं. ह्यानं झाकावं आन तिनं वर यावं. ह्यानं झाकावं आन तिनं वर यावं. मी निस्ती खिडकीत बसून बघत हुते, भ्याला की हा कुठं जातो."

"कुठे गेले?"

"मंगळवारी नाव दिसलं. चहा टाकून उठला आन सरळ गोबरगॅसच्या फरशीवर जाऊन उभा ऱ्हायला. बुधवारी परत नाव आलं. परत तिथंच. मग मुरूम आनला. काल तिथंच बिडी वढत बसला हुता. आज आसूड घेतला. मला कळलं, आता हा पुरा झाला."

आप्पासाहेब उठले. दाराकडे एक पाऊल टाकलं. तिथे कानिफनाथ उभा होता, आणि त्याच्या शेजारी करण.

"करण, बाजूला हो."

"मावशीनं मला सायकल शिकवली होती," करण म्हणाला. "तुम्ही सांगितलंत, तिचं नाव घरात काढायचं नाही. मी काढलं नाही." त्याने दार लावून घेतलं.

आप्पासाहेब पुन्हा खुर्चीत बसले.

"सही कर म्हनलं तिला," ते शेवटी म्हणाले. "हायवे रुंद होनार हुता. चांगल्यासाठीच सांगत हुतो. न्हाई म्हनली. म्हनली, बनुताईचापन हिस्सा तुझ्या घशात जाऊ द्यायची न्हाई. हात धरायला गेलो. ढकलली. दगडावर पडली. मी काय मुद्दाम—"

"जिती हुती का?" बनुबाईंनी विचारलं.

आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं.

"खड्ड्यात टाकली तवा जिती हुती का?"

मोनिकाने कानिफनाथला खूण केली. बेड्या पडल्या.

पंचनाम्यासाठी तहसीलदार दुपारी दोनला आले. फरशी फोडायला तीन तास लागले. बनुबाई गोठ्याच्या सावलीत उभ्या राहिल्या. करणने खुर्ची आणली, त्या बसल्या नाहीत. कोपरगावहून व्याह्यांचा फोन आला, तो त्यांनी करणला घेऊ दिला नाही. "उद्या सांग त्यांना. सगळं खरं सांग. मग येयचं तर येतील," एवढंच म्हणाल्या.

पाच वाजता माणसं खड्ड्यातून वर आली आणि त्यांनी टोप्या काढल्या. बनुबाई पुढे झाल्या. कापडावर जे ठेवलं होतं ते त्यांनी पाहिलं, वाकल्या आणि कपाळ टेकवलं. रडल्या नाहीत.

आप्पासाहेबांना गाडीत बसवत होते. खिडकीतून ते म्हणाले, "बने, पोराच्या लग्नाचा तरी इचार करायचा हुतास."

बनुबाई गाडीजवळ गेल्या. इतक्या जवळ की मोनिकाला मध्ये हात घालावा लागला. पण त्या फक्त बघत राहिल्या. मग मोनिकाकडे वळल्या.

"बाई, ह्याला फाशी होईल का?"

"ते कोर्ट ठरवेल, काकू. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, खटला लांबेल. जन्मठेपही होऊ शकते."

"ते बरं." बनुबाईंनी मान डोलावली. "फाशी नगं. फाशी एका दिसाची. ह्याला लई वर्सं जगू द्या. तारीख पडंल तवा मला कळवा. नगरला एसटीनं येईन. ह्याला दिसंल अशी म्होरं बसंन. हर तारखेला."

गाडी बाजाराच्या गर्दीत शिरली. आप्पासाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. बनुबाई ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, आणि म्हशींचे पिकअप त्यांना वळसा घालून जात होते.